दुसऱ्याच्या खांद्यावरील बंदूक

ता. ३० मे २०२५ रोजी पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून तीनशेहून अधिक तरुणांच्या बरोबरीने १७ तरुणी दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. प्रबोधिनीच्या १४८ व्या तुकडीत घडलेली ही गोष्ट आधीच्या १४७ तुकड्यांत एकदाही घडली नव्हती. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, पुढाऱ्यांनी अभिनंदने केली, आणि आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गाने ‘चला, हाही प्रश्न एकदाचा मिटला’ असे म्हणून समाधानाचा निःश्वास टाकला. आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न मिटलेला नाही. आणि तो मिटला असे समजण्याची जी घाई सर्वत्र चाललेली दिसते, ती घाईच त्याच्या मिटण्याच्या आड येणार आहे.

प्रथम हे ध्यानात ठेवावयास हवे की, हे दार कोणी औदार्याने उघडलेले नाही. १९४९ साली देहराडून येथे तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांचे एकत्र शिक्षण सुरू झाले. १९५४-५५ मध्ये ते खडकवासल्यास आले. तेव्हापासून सुमारे सात दशके या संस्थेचा प्रवेश अविवाहित पुरुषांपुरताच राहिला. ही अट कोणास कधी खटकली नाही असे नव्हे. पण खटकणाऱ्यांचे ऐकणारा कोणी नव्हता. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने मुलींना प्रवेशपरीक्षेस बसू द्यावे असा अंतरिम हुकूम दिला, आणि ही सारी अडचण मनोवृत्तीची आहे असे न्यायमूर्तींनी सरकारपक्षास तोंडावर सुनावले. ८ सप्टेंबरला सरकारने प्रवेशाचे तत्त्व मान्य केले. पण तयारीस अवधी हवा, सबब मुलींची परीक्षा पुढील मे महिन्यात घेऊ, अशी विनंतीही मागाहून केली. २२ सप्टेंबरला न्यायालयाने ती विनंती नाकारली, आणि १४ नोव्हेंबर २०२१ रोजी मुली परीक्षेस बसल्या. सत्तर वर्षे जे अशक्य होते ते तीन महिन्यांत शक्य झाले. यावरून अशक्यतेचे मूळ डोंगरात, दऱ्यांत किंवा स्त्रीच्या हाडामांसात नव्हते, एवढे तरी सिद्ध झाले.

कोणी म्हणेल, लष्करात स्त्रिया १९९२ पासून जातच होत्या, चेन्नईच्या प्रबोधिनीचे दार त्यांना उघडे होते. मग खडकवासल्याचाच हट्ट कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतल्यावाचून या वादाचे मर्म कळणार नाही. चेन्नईस जावयाचे तर आधी पदवी हवी. म्हणजे बारावीनंतरची तीन-चार वर्षे घरच्या खर्चाने आणि घरच्यांच्या मर्जीने काढावयास हवीत. शिवाय तेथून मिळणारी नोकरी ही मूळची ठराविक वर्षांची, अल्प मुदतीची. खडकवासल्यास मुलगा बारावी होताच जातो. तीन वर्षांचे शिक्षण, राहणे, जेवणखाण, गणवेश या सर्वांचा भार शासन वाहते. त्यातच पदवी पदरात पडते. पुढे भूदलाचा छात्र देहराडूनला, नौदलाचा एळिमलाला आणि वायुदलाचा दुंडीगलला जातो, आणि एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी आयुष्यभराचा अधिकारी होऊन बाहेर पडतो. तिन्ही दलांचे कित्येक सेनापती याच वाटेने वर चढले. बापाच्या खिशात काय आहे हे न विचारता मुलाच्या अंगी काय आहे एवढेच विचारणाऱ्या ज्या थोड्या संस्था या देशात आहेत, त्यांपैकी ही एक आहे. ही संधी घरातल्या मुलास होती. त्याच्या पाठच्या बहिणीस नव्हती. अन्याय होता तो हा. तो गणवेशाच्या हौसेचा प्रश्न नव्हता.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. स्त्री-अधिकाऱ्यांना पुरुषांप्रमाणे कायम नियुक्ती व तुकड्यांचे आधिपत्य मिळावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे चालला असता सरकारपक्षाने जी कारणे मांडली, त्यांत एक कारण मोठे मासलेवाईक होते. लष्करातील शिपाई बहुतांशी ग्रामीण भागातून आलेले असतात. तेथील सामाजिक रूढी पाहता स्त्रीचा हुकूम मानण्यास त्यांचे मन अद्याप तयार झालेले नाही, असे ते कारण. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. अजय रस्तोगी यांनी सरकारची ही भूमिका फेटाळून लावली. कायद्याच्या दृष्टीने जे व्हावयाचे ते झाले. परंतु ज्या खेड्याच्या नावावर हे कारण पुढे करण्यात आले, त्या खेड्याला साक्षीस कोणीच बोलाविले नव्हते. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूर या गावी बसून, उशिरा का होईना, ती साक्ष आम्ही येथे नोंदवीत आहोत.

खेडे हे समतेचे माहेरघर आहे, असे म्हणण्याचा भोळेपणा आम्ही करणार नाही. येथे मुलीच्या जन्माने घरातील माणसांचे चेहरे अजूनही उतरतात. तिच्या शिक्षणाचा हिशेब लग्नाच्या हिशेबाशी ताडून पाहिला जातो. चौकात ती दोन क्षण अधिक थांबली तर चार डोळे तिच्याकडे वळतात. हे सारे खरे. पण बाईच्या हुकुमाची खेड्याला सवय नाही, हे मात्र धादांत खोटे आहे. पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कथा सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि आमचा जिल्हा त्या कथेत पहिल्यापासून आहे. कर्त्या पुरुषाने जीव दिला, तर त्यानंतर त्या घराचे आधिपत्य कोणाकडे येते, हे दिल्लीच्या वकिलांनी कधी पाहिले आहे काय? बँकेच्या साहेबासमोर कागद घेऊन उभी राहणारी, सावकाराला तोंड देणारी, सालदाराला सकाळी कामे नेमून देणारी आणि संध्याकाळी त्याच्याकडून त्या कामांचा जाब घेणारी ती बाईच असते. पेरणी केव्हा करावयाची, सोयाबीनची सोंगणी केव्हा धरावयाची, कापूस केव्हा विकावयाचा, हे तीच ठरविते. तिच्या हाताखाली राबणाऱ्या पुरुषाचे मन ‘तयार’ आहे की नाही, याची चौकशी करण्यास तिला वेळ नसतो; आणि काही दिवसांत ते तयार होते, असा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या. यावर शहरी वाचक हसून म्हणेल की, सरपंच बाई नावाची असते आणि कारभार तिचा नवरा पाहतो. पुष्कळ ठिकाणी असे घडते, हे आम्ही नाकारीत नाही. पण हाच आक्षेप उलटून आमच्या बाजूने साक्ष देतो. सरपंचाचा शिक्का नवऱ्याला वापरता येतो. खांद्यावरचा हुद्दा त्याला वापरता येत नाही. रणभूमीवर नवऱ्याला पुढे करून स्वतः मागे उभे राहण्याची सोय नसते. म्हणजे खेड्यातील स्त्रीचा अधिकार जेथे जेथे पोकळ ठरतो, तो तिला हुकूम देता येत नाही म्हणून पोकळ ठरत नसून हुकूम देण्याच्या जागी तिला एकटीने उभे राहू दिले जात नाही म्हणून ठरतो. सैन्य तिला एकटीने उभे करते. आणि म्हणूनच ते तिला हवे.

तिसरी गोष्ट याहून साधी आहे. खेड्यातला जो मुलगा फौजेत शिपाई होतो, त्याचाच भाऊ पोलिसात शिपाई होतो. किरण बेदी भारतीय पोलीस सेवेत दाखल झाल्या त्याला १९७२ साल उजाडले होते; तेव्हापासून आजपर्यंत कितीतरी स्त्रिया जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षक झाल्या. त्यांच्यापुढे टाचा जुळवून सलाम करताना खेड्यातून आलेल्या त्या शिपायाचे मन कच्चे पडल्याचे कोणी ऐकले नाही. एकाच आईच्या पोटच्या दोन मुलांपैकी खाकी नेसलेला स्त्रीचा हुकूम मानतो आणि हिरवे नेसलेला मानणार नाही, हे कोणते मानसशास्त्र? खरी गोष्ट अशी आहे की, शिपाई माणसाचा हुकूम मानीत नाही, हुद्द्याचा मानतो. हुद्दा ज्याला द्यावयाचा नसतो, तोच शिपायाच्या मनाची काळजी वाहू लागतो.

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडणे, असा वाक्प्रचार मराठीत आहे. या प्रकरणात तो शब्दशः खरा झाला. बंदूक होती वरच्या कचेऱ्यांतील आणि शहरी दिवाणखान्यांतील संशयाची. खांदा तेवढा खेड्याचा वापरला गेला. आणि ही सवय सरकारची एकट्याची नाही. ‘आम्हाला काही वाटत नाही हो, पण लोकांना चालणार नाही’, हे वाक्य आमच्या सुशिक्षित वर्गाने विधवाविवाहाच्या वेळी उच्चारले, मुलींच्या शाळेच्या वेळी उच्चारले, आंतरजातीय विवाहाच्या वेळी तर तो आजही उच्चारीत आहे. यातील ‘लोक’ नेहमी कोठेतरी दूर, अधिक अडाणी, अधिक मागासलेले असे असतात. बोलणारा त्यांत कधीच नसतो. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकणारे हात कोणत्या खेड्यातून आणविलेले नव्हते, याची या निमित्ताने आठवण ठेवणे बरे.

शरीरबलाच्या आक्षेपाचा समाचार फार लांबविण्याचे कारण नाही. पुरुषाचे सरासरी बळ स्त्रीच्या सरासरी बळाहून अधिक असते, हे कोणी नाकारीत नाही. परंतु प्रबोधिनीत सरासरी भरती होत नसते, माणसे भरती होतात. प्रत्येक कामाला किती बळ लागते ते ठरवावे, त्याची कसोटी लावावी, आणि जो किंवा जी उतरेल त्याला वा तिला घ्यावे. ता. १८ जून २०१६ रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत व मोहना सिंग या तिघी लढाऊ विमानांच्या वैमानिक म्हणून वायुदलात दाखल झाल्या. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी, म्हणजे खडकवासल्याच्या त्या संचलनाच्या आदल्याच दिवशी, गोव्यास परतल्या. आठ महिने दोघींनीच समुद्राशी टक्कर दिली. समुद्र स्त्रीदाक्षिण्य पाळीत असल्याची वार्ता आमच्या कानी नाही.

शत्रूच्या हाती सापडण्याचे भय हा दुसरा आक्षेप. तो वरवर पाहता कळवळ्याचा दिसतो. परंतु लष्करातील परिचारिकांची परंपरा आपल्याकडे १८८८ पासून चालत आलेली आहे. महायुद्धांत त्या आघाडीच्या मागोमाग गेल्या, बाँबखाली सापडल्या, कैदेतही पडल्या. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. तेव्हा त्यांच्या बंदिवासाच्या भयाने कोणाची झोप उडाली नाही. स्त्रीच्या हाती शस्त्र येण्याची वेळ आली तेव्हाच हे भय जागे झाले. पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मुली कित्येक वर्षे शिकत आल्या. तेथूनच शिकलेल्या माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल या पदास पोहोचल्या. त्याच पुण्यापासून काही मैलांवरच्या खडकवासल्यास मात्र मुलीला प्रवेश नव्हता. जखम बांधणारी बाई चालते, हुकूम देणारी चालत नाही; या वादाचे सारे सार या एका वाक्यात येते.

एक तिसरा आक्षेपही ऐकू येतो, आणि तो अधिक सुसंस्कृत मंडळींचा असल्यामुळे त्याला आदराने उत्तर देणे प्राप्त आहे. ते म्हणतात की, युद्ध हे पुरुषांनी निर्माण केलेले पाप आहे. स्त्रीने त्यात वाटा कशासाठी मागावा? तिने जगाला शांतता शिकवावी. हा विचार उदात्त आहे. पण तो सांगण्याचा अधिकार फक्त त्या स्त्रीला आहे, जिच्यापुढे दार उघडे असून जी आत जात नाही. दुबळ्याची अहिंसा ही अहिंसा नव्हे, हे या देशाला शिकविणारे महात्मे होऊन गेले आहेत. जे आपल्या हाती कधी नव्हतेच त्याचा त्याग करता येत नाही. आणि देशरक्षणाचा निर्णय जेथे होतो त्या खोलीत स्त्री कधीच नसेल, तर तिने शांतता शिकवावी तरी कोणाला?

आता आकड्यांकडे पाहू. कारण या प्रश्नात भावनेपेक्षा अंकगणित अधिक बोलके आहे. १४ नोव्हेंबर २०२१ च्या त्या परीक्षेसाठी एकंदर ५,७५,८५६ अर्ज आले. त्यांपैकी १,७७,६५४ अर्ज मुलींचे होते. दर दहा अर्जांत तीन मुलींचे! दार उघडून दोन महिने झाले नव्हते, तयारीस अवसर नव्हता, शिकवणीचे वर्ग नव्हते, घरोघरी संमती मिळवावयाची होती, तरी पावणेदोन लाखांहून अधिक मुली पुढे आल्या. लेखी परीक्षेत ८,००९ उमेदवार उत्तीर्ण झाले. त्यांत १,००२ मुली होत्या, म्हणजे दर आठांत एक. प्रश्नपत्रिका एकच होती, हे ध्यानात असू द्यावे. आणि एवढ्यांसाठी जागा किती? एकंदर चारशे जागांपैकी १९: भूदलाच्या १०, वायुदलाच्या ६, नौदलाच्या ३. लेखी परीक्षेत दर आठांत एक, आणि जागांत दर एकविसांत एक! मुलगा उत्तीर्ण झाला तर एका जागेसाठी त्याला सुमारे अठरा जणांशी झुंजावे लागले. मुलगी उत्तीर्ण झाली तर तिला बावन्न जणींशी. सवलत मुलींना मिळते अशी कुजबूज ज्यांनी केली, त्यांनी ही त्रैराशिके एकदा मांडून पाहावीत.

जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, मुलींसाठी जागा एकोणीसच का, असा प्रश्न विचारला. पायदळ, रणगाडादल यांसारख्या शाखा स्त्रियांना खुल्या नाहीत, म्हणून जागा थोड्या, असे सरकारी बाजूचे समर्थन. परंतु प्रबोधिनीतील तीन वर्षे सर्वांना समान असतात, आणि कोणी कोणत्या शाखेत जावयाचे हे फार पुढे ठरते. शाखांच्या भिंती वर आहेत म्हणून जिन्याची पहिलीच पायरी अरुंद करणे, हे स्थापत्यशास्त्र आम्हास उमगत नाही. शिवाय त्या भिंतीही हलतात. तोफखाना २०२३ साली स्त्रियांना खुला झालाच. ११ ऑगस्ट २०२५ रोजी लष्कराच्या विधिशाखेतील भरतीविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पुरुषांसाठी अधिक व स्त्रियांसाठी कमी जागा बांधून ठेवण्याची पद्धत रद्द ठरविली. गुण ज्याचे अधिक त्याची निवड, एवढेच तत्त्व मानले. मग हेच तत्त्व खडकवासल्यास का नको? एकच गुणानुक्रम लावा, आणि त्यात जितक्या मुली येतील तितक्या घ्या. त्या पाच आल्या तर पाच घ्या. आम्ही तक्रार करणार नाही. पण शंभर आल्या तर एकोणिसांवर रेघ ओढू नका.

‘घेतल्या तरी टिकतील काय?’ असे विचारणाऱ्यांसाठी एक तुलना पुरेशी आहे. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी प्रबोधिनीत स्त्रिया प्रथम १९७६ साली गेल्या. त्या ११९ जणींपैकी ६२ जणी १९८० साली पदवी घेऊन बाहेर पडल्या. खडकवासल्याच्या पहिल्या १९ जागांतून १७ जणी शेवटच्या दिवशी संचलनभूमीवर उभ्या होत्या. याउपर टिकण्याचा प्रश्न विचारणे हे कुतूहल नव्हे, हट्ट आहे.

येथवर आम्ही सरकारशी भांडलो. आता वाचकांशी दोन शब्द स्पष्ट बोलावयाचे आहेत; कारण आमच्या मते यापुढचा अडथळा दिल्लीत कमी आणि आपल्या माजघरात अधिक आहे.

आमच्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे. दर वर्षी १२ जानेवारीस तेथे जिजाऊंच्या जन्मस्थळी लाखो माणसे लोटतात. अमडापूरच्या टेकडीवर बल्लाळदेवीचे देऊळ आहे, आणि नवरात्रात गावोगाव शस्त्रधारिणी देवीपुढे हात जोडले जातात. स्त्रीच्या शौर्याची आपल्याला लाज वाटते असे कोण म्हणेल? पण हा आदर कोठे थांबतो ते पाहावे. जिजाऊंना आपण वीरमाता म्हणतो, आणि त्या शब्दाचा अर्थ शूर मुलगा जन्मास घालणारी असा करून मोकळे होतो. पुण्याची जहागीर त्यांनी सांभाळली, १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्यास अडकले असता मागे राज्य राखण्यात त्यांचा वाटा होता, हे आपण व्याख्यानात सांगतो आणि घरी येऊन विसरतो. राजारामाच्या मृत्यूनंतर १७०० पासून १७०७ पर्यंत औरंगजेबाशी चाललेले युद्ध ताराबाईंनी चालविले. मराठी सैन्याने सात वर्षे एका तरुण विधवेचा हुकूम मानला. ते शिपाई कोणत्या शहरातून आले होते? तेही खेड्यातलेच होते. तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणब्याचे मन जर तयार होते, तर त्याच्या आजच्या वंशजाचे मन कोणी बिघडविले?

खडकवासल्याच्या प्रवेशाचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस. या एका गोष्टीत सारे आले. पदवीधर मुलगी घरच्यांशी भांडून, स्वतःच्या पायावर उभी राहून काही करू शकते; सोळा-सतरा वर्षांची मुलगी भांडूही शकत नाही. त्या वयात तिने गणित घ्यावे की नाही, भौतिकशास्त्र घ्यावे की नाही, पहाटे एकटीने धावावयास जावे की नाही, अर्ज भरण्यासाठी, परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी परगावी जावे की नाही, हे सारे वडील ठरवितात. वायुदलास व नौदलास बारावीचे भौतिकशास्त्र, रसायन व गणित लागते. दहावीनंतर ‘तिला काय करायचे आहे एवढे गणित’ असे म्हणून जो बाप सोपी शाखा निवडतो, तो नकळत त्या दोन दलांची दारे आपल्या हाताने लावून घेतो. सर्वोच्च न्यायालयाने खडकवासल्याच्या जाहिरातीतील अट काढली. घरातील ही न छापलेली अट काढण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नाही.

आणि सरकारनेही या अटीला अप्रत्यक्ष हातभार लावलेला आहे. मुलांना या परीक्षेसाठी तयार करणारी महाराष्ट्र शासनाची संस्था औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, १९७७ साली निघाली. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघाली ती २०२३ साली. मध्ये शेहेचाळीस वर्षे गेली. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची. देशातील सर्व सैनिक शाळांत मुलींना प्रवेश मिळाला तो २०२१-२२ पासून. मधल्या काळात पिरंगुटजवळ १९९७ साली निघालेल्या मुलींच्या सैनिकी शाळेसारखे प्रयत्न खाजगी संस्थांनी केले, त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण चिखली-खामगाव रस्त्यावरच्या खेड्यातील मुलीला नाशिक दूर आहे, आणि पिरंगुट त्याहूनही दूर. प्रत्येक जिल्ह्यात, निदान प्रत्येक विभागात, मुलींच्या तयारीची सोय झाली पाहिजे. तालुक्याच्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात ही परीक्षा म्हणजे काय, तिचा अर्ज केव्हा निघतो, हे मुलींना निदान माहीत असले पाहिजे. ज्या मुलीला दार कोठे आहे हेच ठाऊक नाही, तिच्या दृष्टीने ते उघडे काय आणि बंद काय, सारखेच.

७ मे २०२५ रोजी सिंदूर मोहिमेची हकिकत देशाला सांगण्यासाठी कर्नल सोफिया कुरेशी व विंग कमांडर व्योमिका सिंग या दोघी उभ्या राहिल्या, तेव्हा घराघरांत टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांविषयी आम्हास आनंद आहे. पण टाळी वाजविण्यास काही खर्च येत नाही. ज्या वाचकांच्या घरी आज पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आहे, त्यांनी त्या टाळ्या आठवून स्वतःला एक प्रश्न विचारावा: आपल्या मुलीने उद्या येऊन ‘मला खडकवासल्याचा अर्ज भरावयाचा आहे’ असे म्हटले, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल? तो ‘भर’ असा निघणार नसेल, तर खेड्यातील शिपायाच्या मनाविषयी यापुढे त्यांनी कृपा करून बोलू नये. प्रत्येक मुलीने सैन्यात जावे असे आमचे म्हणणे नाही. बहुतेक मुली जाणार नाहीत, जसे बहुतेक मुलगे जात नाहीत. पण न जाणे हा तिचा निर्णय असावा. बापाचा नव्हे, शेजाऱ्याचा नव्हे, आणि ज्याला कोणी विचारलेच नाही अशा कोणत्यातरी खेड्याचा तर मुळीच नव्हे.

खेड्याची साक्ष आम्ही दिली. खेड्याच्या खांद्यावरील बंदूक आता ज्याची त्याने काढून घ्यावी, आणि मुलींना नकारच द्यावयाचा असेल तर तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने द्यावा. तसा नकार देण्याचे धैर्य फार थोड्यांच्या अंगी असेल, अशी आमची समजूत आहे. आणि आमची सारी आशा त्या समजुतीवरच आहे.